पाच फुटी गोलकीपर

अर्चू, तू जाऊन आज सोळा दिवस झाले, आणि तू आपला व्हॉट्सअॅप ग्रुप सोडलास त्याला अडतीस. तुझ्या जाण्यात माझा काही दोष नाही, असं तुझा नितीन, माझा नवरा आणि आपल्या कॉलेजच्या फुटबॉल कोच शेलार मॅडम असे तिघेही मला समजावून सांगतात. पण ग्रुप तू माझ्यामुळेच सोडलास, त्यात समजावण्यासारखं काही नाही. मधले बावीस दिवस आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, आणि त्यातले शेवटचे तीन दिवस माझ्याकडे तुला सांगायलाच हवी अशी एक गोष्ट होती. ती मी मुद्दाम सांगितली नाही. का, तर तू जरा झुरावंस म्हणून. घ्या.

लोकांना आपलं हे वेड सांगितलं की हसतात. चाळिशी उलटलेल्या दोन बायका, नेदरलँड्समध्ये, एक झूटरमेरला, एक नीउ-व्हेनेपला. दोघींची मुलं मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देणारी. आणि या बायका दर वर्षी कॉलेजं सुरू झाली की शनिवारचे शनिवार कशात घालवतात? तर पुण्यातल्या आपल्या जुन्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये यंदा फर्स्ट इयरच्या कोण पोरी येतायत, त्यातली कोण पुढे जाईल आणि कोण दिवाळीपर्यंत दमेल, याच्यावर वाद घालण्यात. माझा नवरा म्हणायचा, 'अगं, आपल्या लग्नाच्या वेळी मला तुमच्या घरच्यांनी एवढं पारखलं नव्हतं.' मी म्हणायचे, तेच चुकलं.

ट्रायल्सचे व्हिडिओ मॅडम स्वतः काढायच्या. निवृत्तीला आल्या तरी मोबाइल धरायचा कसा ते त्यांना कळलेलं नाही. निम्म्या व्हिडिओत मैदान आणि निम्म्यात त्यांचं बोट. मी बसने लायडनला येणार, तिथून गाडी पकडून नीउ-व्हेनेप, आणि स्टेशनबाहेर तू सायकलवर उभी. एका हाताने स्वतःचं हँडल, दुसऱ्या हाताने माझ्यासाठी ओढत आणलेली जास्तीची सायकल. इथे जन्मलेली माणसंच हे करू जाणोत, पण तुला पहिल्या वर्षातच जमलं. मी अजूनही वारा समोरून आला की उतरते. घरी दडपे पोहे तयार. टीव्हीवर व्हिडिओ लावायचा, आणि खेमेंतेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, आलेली सगळी सरकारी पत्रं उलटी करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर आपण अकरा-अकरा जणींची टीम मांडायची. तुझी वेगळी, माझी वेगळी. मग तुझ्यातली एक मी खोडायची, माझ्यातली एक तू. दुपारचे चार वाजले तरी पाच-सहा नावांवर गाडी अडलेली असायची. ग्रुपमध्ये मॅडम सोडून आपण नऊ जणी, पण बाकीच्या सात नुसता लाइकचा अंगठा टाकणाऱ्या. मॅडम लिहायच्या, 'त्या दोघींचं एकमत झालं की कळवा.' त्या खरंच वाट बघायच्या गं आपली.

तू कधी बॉलकडे बघितलंच नाहीस. मी म्हणायचे, पाय बघ, खांदे बघ, धाव बघ. तू म्हणायचीस, 'मेघे, बॉल पायात असताना सगळ्याच छान दिसतात. बॉल गेल्यावर पोरगी काय करते ते बघ.' बॉल हरवल्यावर कमरेवर हात ठेवणारी तू लगेच खोडायचीस. तू उचललेल्या त्या लंगडणाऱ्या मुलीचं आठवतं? मी म्हटलं, ही एक सीझनसुद्धा काढणार नाही. तीन वर्षं खेळली, शेवटच्या वर्षी कॅप्टन झाली. आणि मी उचललेली बचावातली ती उंच स्टॉपर, जिला तू 'शोभेची कुंडी' म्हणालीस, तिने विद्यापीठाच्या संघात जागा मिळवली. तेव्हा तू सरळ फोन करून म्हणालीस, 'हरले बाई, पुढच्या वेळी पोहे तुझ्याकडे.' तुला हरलं म्हणायला काहीच लागत नसे. ते माझ्या घराण्यातच नाही. आम्ही पडलो तरी नाक वर.

आपल्या वेळी कसल्या ट्रायल्स आणि कसली निवड! अकरा जणी जमल्या की टीम. दहा जमल्या होत्या, आणि अकराव्या बाईच्या शोधात तू हॉस्टेलच्या मेसमध्ये रांगेत उभी होतीस. माझ्याकडे मान वर करून बघितलंस आणि ओळख ना पाळख, विचारलंस, 'माळ्यावरचे डबे स्टुलाशिवाय काढता येतात का तुला?' मी म्हटलं, हो. 'मग उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर ये. गोलात उभं राहायचं, बाकी मी बघते.' मला ऑफसाइड म्हणजे काय तेसुद्धा माहीत नव्हतं. मी आले, कारण तोवर माझ्या उंचीचा कुणाला काही उपयोग होईल असं घरात कुणी म्हटलं नव्हतं. आईला एकच काळजी, एवढ्या ताडमाड मुलीला नवरा कुठून आणायचा. तू मला गोलात उभी केलीस आणि पहिल्यांदाच मला खाली वाकून चालावंसं वाटलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, 'बरं, मग आता चहा कर.'

आणि ती फायनल. मी उगाच पुढे आले होते, आणि चाळीस पावलांवरून मारलेला तो बॉल माझ्या डोक्यावरून जाऊन आत पडला. माझ्या, पाच फूट आठ इंचांच्या डोक्यावरून. एक-शून्य. शिट्टी झाल्यावर मी गोलपोस्टला टेकून रडत होते, तू आलीस, माझे ग्लोव्हज काढलेस आणि म्हणालीस, 'चल, भूक लागली.' बस, एवढंच. त्यानंतर तुझं लग्न झालं, माझं झालं, पत्ते हरवले. मग मी नवऱ्यामागे इथे आले, व्हिसावर 'डिपेंडंट' शिक्का घेऊन, दिवसभर खिडकीतून कालवा बघत. डचच्या वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून नाव-गाव सांगायचं होतं, आणि मी पोक काढून पुटपुटत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून अस्सल मराठी आवाज आला, 'गोली, ताठ उभी राहा!' बाईंनी मला विचारलं, रडायला काय झालं. मला डचमध्ये सांगता येईना. त्या दिवसापासून मी या देशात राहायला लागले, असं मी धरते. आणि एवढ्या वर्षांत त्या गोलचा तू चुकूनही उल्लेख केला नव्हतास.

म्हणूनच यंदा केलास तेव्हा मला तो सहन झाला नाही.

गोलकीपरची जागा एकच होती, आणि मुली दोन. एक इशिता, पाच फूट सात, शाळेत असल्यापासून कोचिंग घेतलेली, नीट सूर मारणारी. दुसरी इंदापूरकडची सानिका. पाच फूट, तेही बुटांचे स्टड्स धरून. ट्रायलमध्ये दोन गोल खाल्ले तिने. दुसरा गोल झाल्यावर धावत जाऊन स्वतःच बॉल काढला, मधल्या रेषेपर्यंत फेकला आणि पुढच्या मुलींवर ओरडली, 'चला चला, अजून वेळ हाय!' तू टीव्ही थांबवलास. म्हणालीस, 'हीच.' मी इतकी हसले की तोंडातले पोहे सोफ्यावर. म्हटलं, 'अगं, ती आडव्या दांड्याला सलाम ठोकेल फक्त. आणि गोलीचं तू मला शिकवू नकोस. ते माझं खातं आहे.' तू म्हणालीस, 'मूर्ती लहान, बघच तू.' मी म्हटलं, 'मग मला काय बघून घेतलं होतंस? उंचीच ना?'

तू म्हणालीस, 'तेव्हा मला अक्कल नव्हती.'

तू हसत म्हणालीस, हे मला आज कळतं. तेव्हा मी तडकले. म्हटलं, म्हणजे माझी निवड चूक होती? आणि तूही मग पेटलीस. 'उंचीचं एवढं कौतुक आहे ना? तू पाच फूट आठ होतीस, तरी बॉल तुझ्या डोक्यावरूनच गेला ना?' मी पर्स उचलली. तू सायकल काढून मला सोडायला येत होतीस, मी चालत स्टेशनवर गेले.

एवढ्यावर थांबले असते तरी दोन दिवसांत मिटलं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही, आणि बोटांना तर त्याहून नाही. घरी पोचेपर्यंत मी ग्रुपमध्ये लिहिलं, नऊ जणींसमोर, की काही जणींच्या स्वतःच्या लेकी क्लबमध्ये बेंचवर बसतात, म्हणून त्या दुसऱ्यांच्या बुटक्या पोरींना गोलात उभं करायला निघाल्यात. तुझी सई चौदा वर्षांची. क्लबातल्या डच पोरी तिच्याहून वीतभर उंच, आणि ती दर शनिवारी शेवटची दहा मिनिटं खेळायला मिळतील म्हणून बूट बांधून बसते. हे तू मलाच सांगितलं होतंस, रडत, आणि कुणाला बोलू नकोस म्हणाली होतीस. मी लिहिलं, पाठवलं, आणि पाच मिनिटांनी खाली करडी ओळ आली, 'अर्चना लेफ्ट'. मी तो मेसेज पुसला. पण वाचायचा त्यांनी वाचला होता. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही, हे आमच्या आजोळी उठता-बसता ऐकवायचे. मला ते अब्रूबद्दल वाटायचं.

मॅडमनी चार दिवसांनी यादी लावली. गोलकीपर, सानिका. तुझं ऐकलं त्यांनी. मी आणखी फुगले. मनात ठरवलं, आता अर्चनाच फोन करेल. तू काय ठरवलंस ते कळायला मार्ग नाही.

मग तो गुरुवार. मी हेगला ट्रामने ऑफिसला चालले होते. मॅडमनी ग्रुपमध्ये क्लिप टाकली, आंतर-कॉलेज स्पर्धेची सेमीफायनल, पेनल्टी शूटआउट. गोलात सानिका, आणि दांडा तिच्यापासून इतका वर की मला आधी हसूच आलं. पहिली पेनल्टी तिने उजवीकडे झेपावून बाहेर घालवली. दुसरी आत गेली. तिने बॉल जाळ्यातून काढला, जर्सीला पुसला आणि मारायला येणाऱ्या पुढच्या पोरीच्या हातात नेऊन दिला, पाहुणीला पाणी द्यावं तसा. त्या पोरीचं काय झालं कोण जाणे, तिने थेट सानिकाच्या अंगावर मारला. चौथी पायाने अडवली. मी ट्राममध्ये उभ्या उभ्या 'शाब्बास!' ओरडले. शेजारची डच आजी दचकली. आणि पुढचा विचार माझ्या मनात आला तो असा, की अर्चू ग्रुपमध्ये नाही, तिला हे दिसलेलं नाही.

मी क्लिप तुला पाठवायला काढली. तुझं नाव निवडलं. आणि थांबले. सोमवारी पाठवू म्हटलं. एवढ्यात पाठवली तर मी शरण आल्यासारखं होईल. अगं, काय हा माज!

रविवारी दुपारी नितीनचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव. शुक्रवारपासून तुझं डोकं दुखत होतं म्हणे. तो म्हणाला, 'मी म्हटलं, हाउसआर्ट्स डॉक्टरला दाखवून येऊ, तर म्हणाली, जाऊन काय, पॅरासिटामॉल घ्या म्हणतील, ती आहे घरात.' हा विनोद आपल्या सगळ्या मराठी लोकांचा आहे, ताप आला, पाय मोडला, काहीही झालं तरी आपण तोच करतो. मीही शंभरदा केलाय. आता कुणी केला की मी उठून जाते.

इथे अंत्यविधीलासुद्धा वेळ घ्यावी लागते. पाचव्या दिवशी मिळाली. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर मंत्र सांगत होते, मॅडम आणि आपल्या सगळ्या जणी तिकडून ऑनलाइन बघत होत्या. सई बोलली. डचमध्ये बोलली, मला सगळं नाही कळलं, पण एक वाक्य नीट कळलं. ती म्हणाली, 'मॅचनंतर बाकीच्यांचे आईबाबा विचारायचे, किती वेळ खेळलीस. माझी आई विचारायची, बेंचवरून काय काय दिसलं.' अर्चू, मला त्या पोरीकडे बघता येईना. बाहेर सगळ्यांना कॉफी आणि केकचा तुकडा देतात ना, तो घेऊन ती माझ्यापाशी आली, 'मेघामावशी, नेम.' घे म्हणाली. मी घेतला. काय करणार?

त्यानंतर मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. क्लिपचं, सोमवारचं, सगळं. त्या म्हणाल्या, 'अर्चनाला सांगायचं राहिलं ते राहिलं. पण त्या मुलीला तरी सांग, की तिला निवडलं कोणी आणि नको कोण म्हणत होतं.' नंबर दिला. तो घेऊन मी आठ दिवस बसून होते. अठरा वर्षांच्या पोरीसमोर चुकलं म्हणायचं, मला! परवा रविवारी सकाळी नवरा बाजारात गेला तेव्हा लावला.

'सानिका, मी नेदरलँड्समधून मेघना बोलतेय. मेघाताई. कॉलेजची जुनी गोलकीपर.'

'हां ताई, नमस्कार! ओळखलं ना.'

मी घडाघडा बोलून टाकलं. म्हटलं, तुला अर्चनाताईने निवडलं. मी इशिताला घ्या म्हणत होते. तुझ्या उंचीवरून मी खूप वाईट बोलले. माझं चुकलं. ते मला तिला सांगायचं होतं, पण ती आता नाही, म्हणून तुला सांगतेय.

ती म्हणाली, 'मला माहितीये ताई. अर्चनाताईंनी सांगितलेलं.'

मी विचारलं, कधी?

'यादी लागली ना, त्या संध्याकाळी त्यांचा फोन आलेला. मी म्हणलं, माझ्यावरून तिकडं लय वाद झाला म्हणं. तर हसल्या. म्हणल्या, वाद घातला तीच तुला शिकवंल. गोलात काय अडलं तर मेघाताईला फोन कर, नंबर लिहून घे. तोंडाची तिखट हाय, पण त्या दोन खांबांमधलं तिच्याएवढं कळणारं माणूस मी नाही बघितलं. मी लिहून घेतला, पण ताई, तुम्हाला फोन करायचं धाडसच होईना.'

यादी लागली ती संध्याकाळ म्हणजे आपलं भांडण होऊन चार दिवस झाले होते. मी सईबद्दल ते लिहून चार दिवस झाले होते. मी इकडे फुगून बसले होते, आणि तू माझा नंबर त्या पोरीला लिहून देत होतीस. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. पलीकडून ती 'ताई, हाय का तुम्ही? ताई?' करत राहिली.

मग म्हणाली, 'ताई, एक विचारू? कॉर्नरला बॉल वरनं आला की मी काय करू?'

पाऊण तास बोललो. शेवटी मी फोन ओट्यावर उभा करून, व्हिडिओ लावून, फ्रिज आणि दाराच्या मधे उभी राहून तिला पाय कुठे टाकायचा ते दाखवत होते. नवरा पिशव्या घेऊन दारात आला, तो तिथेच उभा राहिला. आता ती दर रविवारी फोन करणार आहे.

तर अर्चू, तुझं बरोबर होतं. पोरगी पक्की गोली आहे. सईबद्दल लिहिलं तो माझा नीचपणा होता. तो तुझ्यापाशी कबूल करते, आणि येत्या शनिवारी तिच्या मॅचला जाणार आहे, तिच्यापाशीही करेन. मला घाबरायला होतंय, पण जाईन.

पण एक सांगते. काल मी मॅडमकडून सगळ्या मॅचेसचे व्हिडिओ मागवून बघितले. कॉर्नरला ही मुलगी गोललाइन सोडतच नाही. एकदाही नाही. मी कितीही शिकवलं तरी यंदाच्या सीझनला तिला ते जमणार नाही, लिहून ठेव. तू म्हणाली असतीस, जमेल, दिवाळीपर्यंत जमेल. म्हण की गं. एकदा म्हण.